डिस्ट्रिब्युटरकडून पैसे येतात, मग सोसायटीत कशाला आणि कधी जायचं?

ठेका_दादरा
स्वतः चाल लावलेली आणि गायलेली सहा गाणी डिस्ट्रिब्युटरमार्फत, म्हणजे गाणी ॲपवर चढवून पैसे आणून देणाऱ्या कंपनीमार्फत, सगळ्या स्ट्रीमिंग ॲपवर आहेत. रेकॉर्ड लेबल नाही, रचनेचे हक्क सांभाळणारा पब्लिशर नाही. डॅशबोर्डवर दर महिन्याला आकडा दिसतो. त्यावरून पडलेले प्रश्न असे:

हा आकडा म्हणजे सगळी रॉयल्टी, की तिचा एक तुकडा?
रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या सोसायटीची मेंबरशिप आत्ताच घ्यावी, की ऐकणारे वाढल्यावर?
सहापैकी दोन गाण्यांचे शब्द दुसऱ्या गीतकाराचे आहेत. एका गाण्याचा सुरुवातीचा गिटारचा तुकडा रेकॉर्डिंगच्या दिवशी गिटारवादकाला सुचला. वाटे कसे लिहायचे?
सहापैकीच आणखी एक गाणं ऑनलाइन लायसन्स घेतलेल्या बीटवर, म्हणजे तयार वाद्यसंगीतावर, आहे. ते नोंदवता येतं का?

कॉपीराइटचा इतिहास नको. फॉर्ममध्ये कुठे काय भरायचं आणि कुठे लोक आपटतात, ते सांगा.


खर्जातला_सा
पहिल्या प्रश्नाचं उत्तर: तुकडा. मोठा तुकडा, पण तुकडाच.

एका गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक रचना, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी त्या रचनेचं एक ठरावीक रेकॉर्डिंग, ज्याला सगळे मास्टर म्हणतात. रचना गीतकार-संगीतकाराची, मास्टर ज्याने रेकॉर्डिंगचा खर्च आणि जबाबदारी उचलली त्याचं, आणि त्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा वेगळा हक्क. तुम्ही तिन्ही भूमिकांत एकटेच असलात तरी पैसे वेगवेगळ्या नळांनी येतात आणि प्रत्येक नळ वेगळा उघडावा लागतो.

डिस्ट्रिब्युटर उघडतो तो फक्त मास्टरचा नळ, तोही ऑन-डिमांड स्ट्रीम आणि डाउनलोडपुरता.

आकड्यांत बघा. ब्रिटिश संसदेच्या समितीने २०२१ मध्ये स्ट्रीमिंगच्या अर्थकारणावर अहवाल दिला, त्यातलं ढोबळ चित्र असं: ॲपकडे आलेल्या १०० पैकी साधारण ३० ॲपकडे राहतात, ५५ मास्टरकडे जातात आणि १५ रचनेकडे. तुमचा डॅशबोर्ड ५५ दाखवतो, डिस्ट्रिब्युटरची कपात वजा करून. उरलेले १५ त्याच्याकडे येतच नाहीत. ते सोसायटी आणि पब्लिशर यांच्या वाटेने जातात. म्हणजे ७० पैकी १५, पाचव्या हिश्श्याहून थोडं जास्त, तुमच्या नावाची नोंद शोधत फिरतंय.

हे झालं स्ट्रीमिंगचं. रेडिओ, टीव्ही, हॉटेल, दुकान, विमान, कॉन्सर्ट या जागी डिस्ट्रिब्युटरचा संबंधच नाही. कॉन्सर्टमध्ये तर मास्टर वाजतच नाही, तिथे मिळते ती फक्त रचनेची रॉयल्टी.

आता नळ एकेक करून.

रचनेचं सार्वजनिक सादरीकरण: गीतकार-संगीतकारांची सोसायटी. अमेरिकेत ॲस्कॅप किंवा बीएमआय, ब्रिटनमध्ये पीआरएस, जर्मनीत गेमा, फ्रान्समध्ये सासेम, भारतात आयपीआरएस.

रचनेची प्रत काढण्याचा हक्क, म्हणजे मेकॅनिकल: इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. गेमा आणि सासेम हाही हक्क सांभाळतात. ब्रिटनमध्ये त्यासाठी एमसीपीएस ही वेगळी संस्था आहे. अमेरिकेत स्ट्रीमिंगची मेकॅनिकल रॉयल्टी १ जानेवारी २०२१ पासून द एमएलसी गोळा करते. तिथे ॲस्कॅप-बीएमआयची मेंबरशिप असून एमएलसीत नोंद नसेल तर रचनेचे अर्धेच पैसे येतात, आणि बाकीचे येत नाहीत हे कळतही नाही. एमएलसी सुरू झाली तेव्हा स्ट्रीमिंग कंपन्यांनी जुनी, मालक न सापडलेली रॉयल्टी म्हणून सुमारे ४२.४ कोटी डॉलर तिच्याकडे जमा केले होते. मालक न सापडण्याचं मुख्य कारण चोरी नव्हे. रेकॉर्डिंग आणि रचना यांची नोंद एकमेकींना जोडलेलीच नव्हती.

गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा हक्क, ज्याला नेबरिंग राइट्स म्हणतात: त्याची सोसायटी निराळी. ब्रिटनमध्ये पीपीएल, अमेरिकेत साउंडएक्स्चेंज. साउंडएक्स्चेंजची वाटणी कायद्यानेच ठरली आहे: ५० टक्के मास्टरच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकाराला, ५ टक्के साथीदारांच्या फंडाला. लेबल नसेल तर तिथे दोन नोंदी करायच्या, कलाकार म्हणून एक आणि मास्टरचा मालक म्हणून एक. पहिलीच करून बरेच जण थांबतात आणि ५० टक्के तिथेच पडून राहतात.

एक विचित्र गोष्टही लक्षात ठेवा. अमेरिकेत साध्या एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं तर गीतकार-संगीतकाराला पैसे मिळतात, गायकाला आणि लेबलला नाही. तेच गाणं इंटरनेट रेडिओवर वाजलं तर सगळ्यांना मिळतात. म्हणून "रेडिओवर वाजलं" एवढं सांगून भागत नाही, कुठल्या देशात आणि कुठल्या प्रकारच्या रेडिओवर हे विचारावं लागतं.


मात्रा_सोळा
वर नळ सांगून झाले, आता "कधी".

माझं मत स्पष्ट आहे: रचना स्वतःची असेल आणि फी परवडणारी असेल तर पहिल्या रिलीजच्या आधी मेंबर व्हा, रिलीजच्या आठवड्यात रचना नोंदवा. ऐकणारे वाढण्याची वाट बघायची नाही. कारण सोसायट्या साधारणपणे मेंबर झाल्यापासूनच्या वापराचे पैसे देतात. त्याआधी रेडिओवर वाजलेलं बहुतेक वेळा गेलं ते गेलंच. आणि गाण्याचा जोर बहुधा पहिल्या काही महिन्यांत असतो. म्हणजे वाट बघणारा माणूस नेमका सुगीचा काळ सोडतो.

फी जास्त असेल किंवा कागदपत्रांचा कंटाळा असेल तर निदान यातली एखादी गोष्ट घडायच्या आधी तरी आत असा:

गाणं रेडिओ-टीव्हीकडे पाठवताय.
स्वतःच्या रचना अशा जागी गाताय जिथे सोसायटीचं लायसन्स आहे.
मालिका, डॉक्युमेंटरी किंवा जाहिरातीचं संगीत करताय.
दुसरा कोणी तुमची रचना रेकॉर्ड करतोय.
सोबतचा गीतकार आधीच मेंबर आहे. मग त्याचा वाटा नोंदला जाणारच, तुमचा "मेंबर नाही" म्हणून लोंबकळत राहील.

उलट, फक्त दुसऱ्यांची गाणी गाणाऱ्याने रचनाकारांच्या सोसायटीत जाऊन काही मिळत नाही. त्याची जागा कलाकारांच्या सोसायटीत.

फॉर्म भरताना:

मेंबर व्यक्ती होते, बँड नाही. बँडमधले चौघे रचनेत असतील तर चार अर्ज. बँडचं नाव रचनेच्या नोंदीत "परफॉर्मर" या रकान्यात जातं.

टोपणनाव वापरत असाल तर ते अर्जातच लिहा. सोसायटी तुम्हाला आयपीआय नंबर देते, तो जगभरच्या सगळ्या सोसायट्यांत तुमची ओळख. टोपणनाव त्याला जोडलेलं नसेल तर परदेशातून त्या नावाने आलेली नोंद तुमची म्हणून ओळखूच येत नाही.

कुठले हक्क आणि कुठले देश देताय ते वाचा. एकाच हक्कासाठी एकाच देशात दोन सोसायट्या चालत नाहीत. बहुतेक लोक सगळं जग एकाच सोसायटीला देतात, मग तिचे दुसऱ्या देशांतल्या सोसायट्यांशी करार असतात त्यातून पैसे फिरतात. सोयीचं आहे, पण कपात दोनदा होते: तिकडची सोसायटी आपली काढते, मग इकडची आपली.

बाहेर पडायची अट. युरोपात सोसायट्यांसाठीच्या २०१४ च्या डायरेक्टिव्हनुसार (नियमावलीनुसार) नोटीस सहा महिन्यांहून जास्त मागता येत नाही. इतर ठिकाणी मुदत वेगळी, काही ठिकाणी ठरावीक तारखेलाच दार उघडतं. नोटीस दिल्यावरही आधी दिलेली लायसन्स संपेपर्यंत हक्क अडकून राहू शकतो, हे कलम बारीक अक्षरात असतं.

वारसाचं नाव. लोक हा रकाना रिकामा सोडतात. कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार संरक्षण रचनाकाराच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं असतं, अनेक देशांत ६० किंवा ७०. म्हणजे हे पैसे घेणारा माणूस बऱ्याचदा तुम्ही नसताच. भरा तो रकाना.


रिकामी_मात्रा
थोडा ब्रेक लावतो. "लगेच व्हा" हे सरसकट खरं नाही.

मेंबर होणं म्हणजे बहुतेक देशांत हक्काचं असाइनमेंट, म्हणजे हक्क सोसायटीच्या नावे करणं. आजच्या रचना आणि यापुढे कराल त्याही. एक गाणं आत, एक बाहेर असं नाही करता येत. त्याचे परिणाम असे:

"रॉयल्टी-फ्री" संगीताच्या लायब्रऱ्यांना काम देत असाल तर त्यांतल्या काही जणी करारातच लिहून घेतात की रचनाकार कुठल्याही सोसायटीचा मेंबर नाही. कारण त्यांचा ग्राहक हॉटेल किंवा दुकान असतं आणि त्याला सोसायटीचं बिल नको असतं. मेंबर होऊन असा करार सही केलात तर तुम्ही खोटं लिहून दिलंत.

क्रिएटिव्ह कॉमन्सवर, म्हणजे सगळ्यांना फुकट वापरायची मुभा देऊन, गाणी सोडायची सवय असेल तर तीच अडचण. जो हक्क तुमच्याकडे उरला नाही तो तुम्ही फुकट वाटू शकत नाही. युरोपात त्याच २०१४ च्या डायरेक्टिव्हने मेंबरला बिगर-व्यावसायिक वापरासाठी परवानगी द्यायची मुभा ठेवली आहे, पण तिथेही सोसायटीने ठरवलेल्या पद्धतीनेच.

स्वतःच्याच कार्यक्रमात स्वतःचीच गाणी: आयोजकाला "माझीच आहेत, लायसन्स नको" असं सांगता येत नाही. तो सोसायटीला पैसे देणार, सोसायटी कपात करून तुम्हाला देणार. आयोजकही तुम्हीच असाल तर स्वतःच्या खिशातून काढून, कपात सोसून, काही महिन्यांनी परत घेण्याचा खेळ होतो.

अमेरिकेत हे बरंच सैल आहे. ॲस्कॅप आणि बीएमआय यांच्याकडे हक्क एक्स्क्लुझिव्ह नसतो. रचनाकार थेट लायसन्सही देऊ शकतो. १९४१ पासूनच्या कोर्टाच्या बंधनांमुळे ते तसं आहे. पण अमेरिकेतला लेख वाचून दुसऱ्या देशातल्या सोसायटीचा फॉर्म भरायचा नाही. इंटरनेटवरचा निम्मा सल्ला तिथूनच येतो आणि तिथेच लागू पडतो.

म्हणजे आधी आपलं काम कुठल्या प्रकारचं ते ठरवा. स्वतःची गाणी गाणारा असाल तर मात्रा_सोळा बरोबर. मागणीप्रमाणे पार्श्वसंगीत विकणारा असाल तर आधी जुने करार काढून वाचा.


तिहाई
वाट्यांवर कोणी बोललं नाही, आणि भांडणं तर तिथेच होतात.

रचनेच्या नोंदीत असतं काय? शीर्षक, पर्यायी शीर्षकं, प्रत्येक रचनाकाराचं नाव, आयपीआय नंबर, भूमिका, टक्केवारी, पब्लिशर असेल तर त्याचा वाटा, गायकाचं नाव, लांबी, आणि रेकॉर्डिंगचा ओळख-कोड आयएसआरसी. भूमिकेचे कोड जगभर सारखे: "ए" म्हणजे गीतकार, "सी" संगीतकार, "सीए" दोन्ही, "एआर" अरेंजर, "ई" पब्लिशर.

तुमची स्वतः लिहिलेली गाणी: एकच ओळ, सीए, १०० टक्के.

दुसऱ्याचे शब्द असलेली दोन गाणी: दोन ओळी, ए ५० आणि सी ५०. निम्मं-निम्मं ही रूढी आहे. काही सोसायट्या शब्द आणि चाल यांचे वाटे नियमानेच ठरवतात, काही तुमच्यावर सोडतात. भारतात कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रेकॉर्डिंगच्या वापरातला रॉयल्टीचा समान वाटा कायमचा लिहून देताच येत नाही. देता येतो फक्त वारसाला किंवा वाटपासाठी सोसायटीला. म्हणून "एकरकमी घ्या आणि सगळे हक्क सोडा" असा कागद समोर आला तरी तो वाटा तिथे सुटत नाही.

गिटारवादकाचा प्रश्न नाजूक. कसोटी अशी लावा: गाणं नुसतं पेटीवर किंवा गुणगुणून कोणाला ऐकवलं तर तो तुकडा त्यात असतो का? असेल, म्हणजे तो तुकडा हीच गाण्याची ओळख असेल, तर तो रचनेचा भाग आणि वादकाला वाटा द्या, ५, १० किंवा जे ठरेल ते. नसेल तर ते वादन झालं. त्याला त्या दिवसाचं मानधन आणि कलाकारांच्या सोसायटीत साथीदार म्हणून नोंद. ढोलकीवाल्याने ठेका बदलून गाणं उचललं म्हणून तो आपोआप संगीतकार होत नाही, आणि "रिफ तर त्याचीच आहे" असं सगळे म्हणत असताना शून्य टक्केही शोभत नाही.

जे ठरेल ते त्याच दिवशी स्प्लिट शीटवर. एक पान पुरतं: गाण्याचं नाव, तारीख, प्रत्येकाचं कायदेशीर नाव, आयपीआय, भूमिका, टक्के, सही. बेरीज १००. रेकॉर्डिंगच्या दिवशी पाच मिनिटांत होतं. गाणं चालल्यावर तीच सही मिळवायला महिने जातात.

बेरजेवरून आठवलं. बीएमआयमध्ये बेरीज २०० असते, १०० रचनाकारांचे आणि १०० पब्लिशरचे. ॲस्कॅपमध्ये ५० आणि ५०. एक जण इथला, दुसरा तिथला असला की एकाचे ५० म्हणजे निम्मं गाणं आणि दुसऱ्याचे ५० म्हणजे पाव गाणं, असा घोळ होतो. ईमेलवर टक्के कळवताना "पूर्ण गाण्याच्या १०० पैकी" हे शब्द घालाच.

पब्लिशर नसेल तर तो रकाना रिकामा ठेवून चालतं का हे आपल्या सोसायटीला विचारा. काही जणी पूर्ण वाटा रचनाकाराला देतात, काहींकडे पब्लिशर म्हणून वेगळी नोंद लागते. पब्लिशिंग ॲडमिनिस्ट्रेटर नेमला तर तो साधारण १० ते २० टक्के घेऊन सगळ्या देशांत नोंदी करतो. सहा गाण्यांसाठी घाई नको. परदेशात ऐकणारे बरेच असतील तर फायदा, नाहीतर स्वतःच करा.

नेहमी होणारे घोटाळे:

बेरीज १०० च्या वर. दोघांनी आपापल्या सोसायटीत वेगवेगळे वाटे भरले की नोंद वादात जाते आणि सगळ्यांचेच पैसे थांबतात, ज्याचा वाटा बरोबर होता त्याचेही. एकानेच नोंद करायची, बाकीच्यांनी ती तपासायची.

रोमन लिपीतलं स्पेलिंग. गाणं ॲपवर एका स्पेलिंगने, सोसायटीत दुसऱ्या, टीव्हीच्या कागदावर तिसऱ्या. मशीनला ही तीन गाणी. डिस्ट्रिब्युटरकडे दिलेलं स्पेलिंग मुख्य शीर्षक करा आणि बाकीची जितकी सुचतील तितकी पर्यायी शीर्षकांत टाका. "च" आणि "छ", "व" व्ही ने की डब्ल्यू ने, शेवटचा "आ" एका ए ने की दोन, हे सगळे.

आयएसआरसी बदलणं. बारा अक्षरांचा हा कोड रेकॉर्डिंगचा असतो: पहिली ५ देणाऱ्याची, पुढची २ कोड दिल्याच्या वर्षाची, शेवटची ५ अनुक्रमाची. डिस्ट्रिब्युटर बदलताना जुनाच कोड द्यायचा. नवीन घेतलात तर ॲप त्याला नवं रेकॉर्डिंग समजतं, जुने स्ट्रीम तुटतात आणि सोसायटीतली जोडणीही. मात्र रिमिक्स, अकूस्टिक, लाइव्ह यांना प्रत्येकी वेगळा कोड हवा. रचना तीच राहते, तिचा कोड आयएसडब्ल्यूसी, टी ने सुरू होणारा, तो सोसायटी नोंदणीनंतर देते. एका आयएसडब्ल्यूसीखाली चार आयएसआरसी हे बरोबर. एका गाण्याला दोन आयएसडब्ल्यूसी हे चूक, ते विलीन करून घ्या.

जुन्या पदाला नवी चाल. शब्द शेकडो वर्षांचे असतील तर ते कोणाचेच नाहीत. त्या वाट्यावर सार्वजनिक मालकी म्हणून "डीपी" जातो आणि तुम्ही फक्त सी घेता. चालही पारंपरिक आणि तुम्ही वाद्यमेळ बांधला असेल तर एआर, सोसायटी जितका देते तितकाच. अख्खं पारंपरिक गाणं स्वतःच्या नावावर चढवणारे आहेत. दुसऱ्याने तेच पद गायलं की त्याच्या व्हिडिओवर मालकीचा क्लेम जातो आणि मग बोंब. राग कोणाचा नसतो, बंदिश असते, हे गाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.


ठेका_दादरा
वाट्यांचं लख्ख झालं. स्प्लिट शीट आधी, मेंबरशिप त्यामागे, पार्श्वसंगीताचं काम नाही त्यामुळे वाट बघायचं कारण नाही.

राहिलं बीटचं गाणं. आणि लाइव्ह कार्यक्रमाचे पैसे सोसायटीला कळतात कसे? तिथे कोणी कोड वाचत नाही ना.


अनवट_जोड
बीटचं आधी.

लायसन्सचा कागद उघडा आणि दोन गोष्टी शोधा: नॉन-एक्स्क्लुझिव्ह, म्हणजे तीच बीट इतरांनाही विकता येईल असं, आहे का, आणि "पब्लिशिंग" किंवा "रायटर्स शेअर" यापुढे किती टक्के लिहिलेत. स्वस्त बीट जवळजवळ नेहमी नॉन-एक्स्क्लुझिव्ह असते आणि बीट करणारा रचनेचा ठरावीक वाटा, बऱ्याचदा ५० टक्के, राखून ठेवतो. मग नोंदीत त्याचं नाव, आयपीआय आणि ५० टक्के सी. तुमचे शब्द आणि वरची चाल मिळून ५० टक्के सीए. त्याचं नाव गाळून १०० टक्के भरलंत तर तो वाद निश्चित. बीटचं लायसन्स ठरावीक स्ट्रीमपुरतं किंवा ठरावीक वर्षांपुरतं असतं, तेही बघा. मर्यादा ओलांडली की गाणं उतरवावं लागू शकतं.

आणि डिस्ट्रिब्युटरच्या फॉर्ममध्ये "यूट्यूब कंटेंट आयडी" असा चौकोन असतो. या गाण्यासाठी तिथे टिक करायची नाही. कंटेंट आयडी आवाजाचा ठसा जुळवतं. तीच बीट आणखी पन्नास जणांनी घेतलेली असते. त्या सगळ्यांच्या व्हिडिओवर तुमच्या नावाने क्लेम जातील, ते वाद घालतील आणि डिस्ट्रिब्युटर तुमच्या सगळ्याच गाण्यांचा कंटेंट आयडी बंद करू शकतो. सॅम्पल पॅकमधला लूप, म्हणजे विकत मिळणारा तयार तुकडा, जसाच्या तसा, उघडा वाजत असेल तरी हाच नियम. बाकीच्या पाच गाण्यांवर खुशाल टिक करा, पण तो क्लेम मास्टरचा हे लक्षात असू द्या. यूट्यूबवरचा रचनेचा वाटा सोसायटी किंवा पब्लिशरकडून येतो.

आता लाइव्ह. बरोबर ओळखलंत, तिथे मशीन नाही. तिथे सेटलिस्ट, म्हणजे गायलेल्या गाण्यांची यादी. मेंबर झाल्यावर पोर्टलवर कार्यक्रम नोंदवायचा रकाना असतो. भरायचं ते असं: तारीख, जागेचं नाव आणि पूर्ण पत्ता, आयोजक, तुम्ही मुख्य होतात की आधी गाणारे, तिकीट होतं का, आणि गायलेल्या प्रत्येक रचनेची नोंद, सोसायटीतल्या क्रमांकासकट. सोबत जाहिरातीचं पोस्टर किंवा आयोजकाचा ईमेल जपून ठेवा, पुरावा मागतात. मुदत असते, काही सोसायट्यांत काही महिने, काहींत वर्ष. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी भरायची सवय लावली की मुदतीचा प्रश्न उरत नाही.

पैसे येण्यासाठी जागेकडे किंवा आयोजकाकडे त्या दिवसाचं लायसन्स असावं लागतं. नसेल तर सेटलिस्ट भरूनही काही येणार नाही. तरी भरा, कारण त्यावरूनच सोसायटीला कळतं की अमुक जागी संगीत वाजतं आणि लायसन्स नाही. दुसऱ्यांची गाणी गायलात तर तीही यादीत लिहा. ते पैसे त्यांच्या रचनाकारांचे. सेटलिस्टमध्ये दहाच्या दहा आपली दाखवणं हे खोटं विवरण आहे आणि त्यावर मेंबरशिप जाते.

कार्यक्रम लहान असेल तर एका रात्रीची रक्कम किरकोळच येते. पण वर्षाला चाळीस कार्यक्रम असतील तर ती बेरीज स्ट्रीमिंगच्या रचना-वाट्याहून मोठी होऊ शकते, कारण लाइव्हमध्ये तुमचे पैसे लाखो गाण्यांच्या ढिगात मिसळलेले नसतात.

मालिकेचं काम पुढे कधी आलंच तर सेटलिस्टची जागा क्यू शीट घेते. कार्यक्रमाचं नाव, भागाचा क्रमांक, प्रसारणाची तारीख, आणि मग प्रत्येक तुकड्याची ओळ: शीर्षक, रचनाकार, वाटा, सोसायटी, शीर्षकसंगीत की पार्श्वसंगीत की पडद्यावर गायलेलं, आणि लांबी सेकंदांत. ती भरते निर्माती कंपनी. म्हणून करारात एक ओळ घाला: क्यू शीट इतक्या दिवसांत सादर करून प्रत रचनाकाराला द्यावी. क्यू शीट नाही तर टीव्हीची रॉयल्टी नाही, संगीत कितीही वाजो. "तुकडा १", "तुकडा २" अशी शीर्षकंही देऊ नका. जगात त्या नावाची हजारो आहेत.

ही सगळी भानगड सुरूच मुळी एका कॅफेतून झाली. १८४७ मध्ये पॅरिसच्या एका कॅफेत अर्नेस्ट बूर्जे या रचनाकाराने बिल द्यायला नकार दिला: तुम्ही माझं संगीत वाजवता त्याचे पैसे देत नाही, मी तुमच्या पेयाचे देत नाही. प्रकरण कोर्टात गेलं, तो जिंकला, आणि १८५१ मध्ये सासेम उभी राहिली. इतिहास नको म्हणाला होतात, पण हा एवढा चालेल.


खर्जातला_सा
पैसे यायला लागल्यावर काय बघायचं ते राहिलं, ते टाकतो.

धीर धरा. स्ट्रीमचा आकडा रोज दिसतो, रॉयल्टी तिमाही किंवा सहामाही येते, आणि परदेशातली वर्ष-दीड वर्षानेही. युरोपीय नियम असा की सोसायटीने गोळा केलेली रक्कम ते आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत वाटावी. मालक सापडला नाही तर त्या वर्षाअखेरीपासून तीन वर्षांनी ती रक्कम वाटता न येणारी ठरवता येते, मग तिचं काय करायचं ते सभासदांची सभा ठरवते. म्हणून चुकलेली नोंद लगेच दुरुस्त करायची. तीन वर्षं लांब वाटतात, पण त्यातला निम्मा काळ सोसायटीचं विवरणपत्र यायलाच जातो.

पहिलं विवरणपत्र आलं की डिस्ट्रिब्युटरचा अहवाल शेजारी ठेवा. तिथे ज्या गाण्याचे ज्या देशात भरपूर स्ट्रीम आहेत आणि सोसायटीकडे त्या देशाची ओळच नाही, तिथे जोडणी तुटली आहे. ९९ टक्के वेळा कारण तिहाईने दिलेल्या यादीतलंच निघतं. तक्रार करताना "पैसे आले नाहीत" असं मोघम लिहू नका. रचनेचा आयएसडब्ल्यूसी, रेकॉर्डिंगचा आयएसआरसी, देश, ॲप, तिमाही, इतकं दिलंत तर समोरचा माणूस शोधू शकतो.

ओळ आहे पण रक्कम शून्य असेल तर बऱ्याच वेळा किमान रकमेची अट असते. तेवढे जमेपर्यंत पुढे ओढतात. स्पॉटिफायने २०२४ पासून आधीच्या बारा महिन्यांत १,००० स्ट्रीम नसलेल्या ट्रॅकला मास्टरची रॉयल्टी देणं थांबवलं आहे. ही अट डिस्ट्रिब्युटरच्या बाजूची. ते शून्य घेऊन सोसायटीशी भांडू नका.

एका स्ट्रीमचा दर किती, हा प्रश्नही सोडून द्या. ठरलेला दर नसतोच. त्या महिन्याची त्या देशातली कमाई आणि त्यातला तुमच्या स्ट्रीमचा हिस्सा, असा हिशेब असतो, म्हणून तेवढेच स्ट्रीम असून रक्कम दर महिन्याला वेगळी येते.

टॅक्सचा फॉर्म भरा. अमेरिकेतून येणाऱ्या पैशांवर परदेशी व्यक्तीसाठी मूळ कपात ३० टक्के आहे. डब्ल्यू-८बेन फॉर्म देऊन आपल्या देशाच्या अमेरिकेशी असलेल्या कर-कराराचा दर लावून घेता येतो. तो फॉर्म साधारण तीन वर्षांनी पुन्हा भरावा लागतो. विसरलात की कपात गुपचूप ३० वर जाते.

आणखी एक: रेकॉर्डिंगमध्ये बाहेरचा प्रोड्युसर असेल आणि त्याला नेबरिंग राइट्समधून वाटा कबूल केला असेल तर साउंडएक्स्चेंजला लेटर ऑफ डिरेक्शन द्या, ते परस्पर त्याला पाठवतात. नाहीतर दर वेळी तुम्हीच त्याचे कारकून.


मात्रा_सोळा
रिकामी_मात्राचं लायब्रऱ्यांबद्दलचं मान्य, ती बाजू माझ्याकडून सुटली होती. त्या कामासाठी दुसऱ्या टोपणनावाने मार्ग निघतो असं कोणी सुचवेल, तर नाही निघत. टोपणनावं कितीही असली तरी आयपीआयच्या यादीत माणूस एकच आणि असाइनमेंट माणसाचं असतं.

ठेका_दादरा, क्रम असा धरा. या आठवड्यात गीतकार आणि गिटारवादकाच्या सह्या, आणि त्या दोघांचे आयपीआय असतील तर ते. मग रचनाकारांच्या सोसायटीचा अर्ज. तो मंजूर होईपर्यंत डिस्ट्रिब्युटरकडून सहाही आयएसआरसी उतरवून घ्या आणि ॲपवरचं स्पेलिंग जसंच्या तसं एका तक्त्यात लिहा. आयपीआय हातात आला की पाच रचना एकाच दिवशी नोंदवा. बीटवाल्या गाण्याची नोंद त्या माणसाने टक्के ईमेलवर कबूल केल्यावरच. गीतकार मेंबर नसेल तरी त्याचं नाव आणि ५० टक्के लिहाच. तुमचे ५० त्यासाठी अडत नाहीत, आणि तो मेंबर झाला की त्याचा वाटा त्याला जोडला जातो.

कलाकारांच्या सोसायटीचा अर्ज त्यानंतर महिनाभरात केला तरी चालेल. तिथे प्रत्येक रेकॉर्डिंगवर कोणी काय वाजवलं ते भरावं लागतं. तबला, बासरी, कोरस सगळे. नावं आत्ताच विचारून ठेवा. दोन वर्षांनी कोरसमध्ये कोण होतं ते कोणालाच आठवत नाही.